न उठणारी बाई

मुलांनो, आम्ही खापरखेड्याला वीजकेंद्राच्या कॉलनीत राहत होतो, तेव्हा महिला मंडळात एका फिटरची बायको येई. सतत स्वेटर विणायची आणि स्वतःच्याच विनोदाला आधी हसायची. मोठ्या साहेबांच्या पत्नी आल्या की आम्ही साऱ्याजणी उठून उभ्या राहत असू. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. ती मात्र बसून राही.

एकदा मी कुजबुजले, "उठा ना. यजमानांची बढती अडेल."

"काहून जी? बाईसाहेबायले बसाले जागा कमी पडून राहिली का?"

साहेबांच्या पत्नी ते ऐकून हसल्या, तिच्याच शेजारी बसल्या आणि वीण विचारू लागल्या. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, पण माझ्याशेजारी त्या कधी बसल्या नव्हत्या. मला तिचा इतका हेवा वाटला, की सगळ्या बसल्या तरी मी उभीच होते.