चाळीस उन्हाळ्यांच्या खारोड्या

मरियाबाईंनी एकतीस वर्षं बालवाडी चालवली. कर्जतजवळच्या त्या गावातली निम्मी माणसं त्यांच्यासमोर बसून पाटीवर रेघोट्या ओढून गेली, त्यामुळे बाजारात अजूनही कोणी ना कोणी "नमस्कार, बाई" म्हणतो. नवरा शलमोन वारून सहा वर्षं झाली, मुलगा जॉय पुण्याला. हौस अशी एकच उरली होती, बाजरीच्या खारोड्यांची.

मार्च लागला की त्या बाजरी भिजवायच्या, सुकवून जाडसर भरडून आणायच्या. लसूण, मिरची, जिरं, तीळ घालून ती शिजवायची आणि गरम असतानाच ओल्या बोटांनी कापडावर बोराएवढे तुकडे घालायचे. बोटं पोळतात, पण गार पिठाची खारोडी वाळून दगड होते. मरियाबाईंचं घर पत्र्याचं, म्हणून हे सगळं शेजारच्या झुंबरबाईंच्या स्लॅबवर चालायचं. झुंबरबाई काठी घेऊन कावळे हाकायच्या. वाळल्यावर पहिला डबा त्यांचा. चाळीस उन्हाळे यात कधी खंड पडला नव्हता.

झुंबरबाईंची सून अश्विनी महिला बचत गट चालवते. पुण्याच्या एका दुकानाला चहाबरोबर खायचे जुने, विसरलेले खारे पदार्थ हवे होते. गटातल्या बायका पापड आणि तिखट शंकरपाळ्यांच्या पुढे सरकेनात. एका संध्याकाळी अश्विनी मरियाबाईंच्या स्वयंपाकघरात बसून तळलेल्या खारोड्यांची अर्धी ताटली संपवून म्हणाली, "मावशी, हेच. पाकिटावर तुमचंच नाव घालू."

मरियाबाईंनी नऊजणींना शिकवलं. गार पिठाला हात लावणाऱ्यांना बालवाडीतल्यासारखं दटावलं. जॉयला फोन करून सांगितलं, रविवारी चर्चच्या दारात चार जणींना सांगितलं. मरियामावशीच्या खारोड्या. आयुष्यात त्यांचं नाव आतापर्यंत फक्त हजेरीपटाखाली आलं होतं.

पाकिटं आली. त्यावर नऊवारी, नथ आणि कपाळभर कुंकू लावलेल्या झुंबरबाई हसत होत्या. खाली लिहिलं होतं, 'झुंबरआजीच्या खारोड्या'.

"दुकानवाल्यांना अशीच आजी हवी होती, मावशी," अश्विनी मोबाईलमध्ये बघत म्हणाली. "गिऱ्हाईक विचारतं, कुणाच्या हातचं म्हणून."

"मग कुणाच्या हातचं आहे?"

अश्विनी मोबाईलमध्येच बघत राहिली.

मरियाबाईंना वाटलं, झुंबरबाईंना यातलं काही ठाऊक नसणार. सुनेला त्या चांगलंच फैलावर घेतील. पाकीट घेऊन त्या तडक त्यांच्या ओट्यावर गेल्या.

"फोटो कधी काढला गं?"

"गेल्या महिन्यात. मला नटवलं, उभं केलं. मला वाटलं, आधार कार्डाचा असंल."

"आणि नाव?"

झुंबरबाईंनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. त्यांचा चेहरा खरोखरच उतरला. "आईशप्पत, मला ठाव न्हाई. मी कशाला तुझं नाव खाऊ? मला त्या खारोडीची चव तरी ठाव हाय का?"

बोलून त्या थांबल्या. पदराने नाक पुसलं.

"चव ठाऊक नाही?" मरियाबाईंनी विचारलं.

संध्याकाळचा चहा दोघी त्याच ओट्यावर प्यायच्या. मरियाबाई खारोड्या पुढे करायच्या तेव्हा कधी सोमवार असायचा, कधी गुरुवार, कधी चतुर्थी. काहीच नसलं की दाढ दुखायची. इतके उपवास करू नको, चक्कर येईल, असं मरियाबाई स्वतः सांगायच्या. शेजारणीच्या तब्येतीसाठी एकदा त्यांनी चर्चच्या मंडळीत प्रार्थनाही मागितली होती.

"आणि डबे?"

"रानात गडी खायाचे. वाया न्हाई गेला एक बी." झुंबरबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. "सासूचा लई धाक हुता गं."

"सासू जाऊन बावीस वर्षं झाली."

"मग सवयच पडली. मनात वंगाळ न्हाई काही. तू मला बहिणीवानी."

"बहिणीच्या हातचं खातेस?"

मरियाबाई उठल्या, पाकीट तिथेच राहिलं.

दोन दिवसांनी अश्विनी नव्या लेबलाचा नमुना घेऊन आली. त्यावर मरियाबाईंचं नाव होतं. त्यांनी तो न वाचताच परत दिला. "नऊजणी शिकल्यात. करा तुमचं तुम्ही." त्या वर्षी त्यांनी पुढची बाजरी भिजवलीच नाही. पाच वाजले की स्वतःच्याच घरात बसून एक कप चहा घेऊ लागल्या.

तीन आठवड्यांनी झुंबरबाई आल्या. एरवी दारातूनच हाक मारणाऱ्या, त्या दिवशी उंबरा ओलांडून थेट आत आल्या आणि खुर्चीवर बसल्या. धाप लागली होती.

"आन तुझ्या खारोड्या," त्या म्हणाल्या. "तुझ्याम्होरं खाते. बघ."

फळीवर बरणी अर्धी भरलेली होती. दोघींनाही ती दिसत होती. मरियाबाईंनी चहा टाकला, दोन कप भरले. मग कपाटातून बिस्किटांचा न फोडलेला पुडा काढला आणि झुंबरबाईंच्या मांडीवर ठेवला.

"कंपनीचा आहे," त्या म्हणाल्या. "माझा हात लागलेला नाही. फोड तूच."

झुंबरबाई पुड्याकडे बघत बसल्या. चहावर साय धरली. मरियाबाईंनी आपला कप संपवला आणि विसळायला मोरीकडे गेल्या.