पिट्ठूचा पट्टा

किस्से कुठं साठतात, असं मला कुणी विचारलं तर मी सांगीन, जिथं माणसं घाबरलेली असतात तिथं. सुखाच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला विचारा, त्याला साहेबाचं नाव आठवतं आणि कॅन्टीनचा चहा आठवतो, बस! आम्ही दारव्ह्याला शेठजींच्या जिनिंगमागच्या शेडमध्ये फौजेचं सामान शिवत होतो, त्या काळात प्रत्येक जण कशाला ना कशाला भीत होता. म्हणून आजही चार जुनी माणसं जमली की किस्से निघतातच.

बासष्टची लढाई नुकतीच थांबली होती. डोंगरातल्या जवानांना पाठीवर न्यायच्या पिशव्या हव्या होत्या. फौजेत त्या पिशवीला पिट्ठू म्हणतात. एका मोठ्या ठेकेदारानं त्यातलं थोडं काम आमच्या शेठजींकडे दिलं. शेठजींचा जन्म सरकी-कापसात गेलेला. कॅनव्हास त्यांनी पाहिलं होतं ते टुरिंग टॉकीजच्या तंबूचं, तेही तिकीट काढून!

हेड टेलर होते दौलतभाऊ, बोरी अरबजवळच्या बंजारा तांड्यावरचे. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलखभर मीठ न् धान्य नेत. ओझं कसं बांधायचं हा विषय त्यांच्या घरातलाच. त्यांचा एकुलता एक मुलगा परसराम फौजेत होता, आणि तिकडे वर डोंगरातच होता. जिवंत आहे एवढं कळलं होतं, पुढं काही खबर नव्हती. त्यामुळे शेडमध्ये शिवलेला प्रत्येक पिट्ठू दौलतभाऊंच्या लेखी परसरामच्याच पाठीवर जाणार होता.

*

माल तपासायला कुणीतरी शिकलेला माणूस पाहिजे, असं ठेकेदाराचं म्हणणं होतं. मी बी.एस्सी. नापास. शेठजींना त्यातलं बी.एस्सी. तेवढं ऐकू आलं असावं. मला एक टेबल मिळालं, काटा मिळाला आणि 'पास' असं कोरलेला रबरी शिक्का मिळाला. पिट्ठूत वजन भरायचं, टांगायचं, भिजवायचं, परत टांगायचं आणि शिलाई टिकली तर शिक्का मारायचा. लोक मला 'मास्तर' म्हणायला लागले.

पहिला शिक्का मारायच्या आधी मी तो शाईवर तीनदा दाबून घेतला. उद्या हा पिट्ठू फाटला तर कुणाचं काय होईल, ते डोळ्यांसमोर दिसत होतं. दौलतभाऊ टेबलाशी उभे राहून माझ्या हाताकडे पाहत होते. तेवढ्यात काजे-बटणावर बसलेली एक बाई दुसरीला म्हणाली, "पाह्य वो, नापास माणूस पास करून राह्यला!"

सगळी शेड हसली. मीही हसलो. दौलतभाऊ तेवढे हसले नाहीत.

*

एकदा मारेगावकडचा एक जवान सुट्टीवर आला होता. शेठजींनी त्याला मुद्दाम शेडमध्ये बोलावलं, हार घातला, खुर्ची दिली आणि पराक्रमाचं काहीतरी सांगा म्हणाले. बर्फानं त्याच्या पायाची बोटं गेली होती, तो जरा लंगडत होता.

तो पराक्रमाचं काही बोलला नाही. मागं येताना त्याच्या जोडीदाराच्या पिट्ठूचा पट्टा सुटला आणि कंबलासकट सगळं दरीत गेलं, एवढंच त्यानं सांगितलं.

"मंग?" दौलतभाऊंनी विचारलं.

"मंग काय, रात तं काढाच लागते."

"अन् तो जोडीदार?"

जवानानं बशीत चहा ओतला, फुंकर मारली, प्यायला. मग शेठजींकडे वळून म्हणाला, "चहा मस्त हाये तुमचा."

त्या दिवसापासून पट्ट्याची शिलाई दौलतभाऊंनी आपल्याकडे घेतली. दुसऱ्या कुणी लावलेला पट्टा दिसला की उसवायचे आणि परत लावायचे. काम मागं पडायला लागलं, शेठजी ओरडायला लागले, पण दौलतभाऊंना तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

*

ठेकेदाराच्या सूचनेत पिट्ठूत वाळू भरा असं होतं. शेठजी म्हणाले, सरकीचे ढीग पडलेत, वाळू कुठं आणत बसता? मलाही पटलं. वजन ते वजन! आम्ही पिट्ठू सरकीनं भरले, टाक्यात भिजवले आणि ओलेच टांगले. दुसऱ्या दिवसापासून होळी. आमची होळी एका दिवसात आटपते, तांड्याची तशी आटपत नाही. अर्धे कारागीर तांड्यावरचे, त्यामुळे शेडला कुलूप लागलं.

सगळ्यांच्या आधी परतले ते दौलतभाऊ. तांड्यावर होळीची लेंगी गाणी चालू होती, पण पोराशिवाय मन लागेना म्हणून निघून आले. त्यांनी शेड उघडली आणि मला घरून बोलावून नेलं. पाहतो तर काय, प्रत्येक पिट्ठूच्या तोंडातून सरकीचे हिरवे कोंब वर आलेले! आणि उद्या ठेकेदाराचा माणूस माल पाहायला येणार.

आम्ही खाली बसून कोंब उपटायला लागलो. शेठजी आले आणि दारातच थबकले. जवळच्या पिट्ठूतला एक कोंब चिमटीत धरून पाहिला. मग म्हणाले, "मास्तर, फौजेले आपण वावर पाठवून राह्यलो का?"

शिलाई मात्र एकाचीही उसवली नव्हती. तेवढं दौलतभाऊंनी प्रत्येक पट्टा ओढून पाहून घेतलं आणि मगच कोंबाला हात लावला.

*

दौलतभाऊंची जागा दरवाज्यासमोर. दारात खाकी कपडा दिसला की त्यांचं मशीन थांबायचं. तार घेऊन येणारा खाकीत, पोलीस खाकीत, आणि वाईट खबर आणणारा कुणी असेल तर तोही खाकीतच येणार. मशीन थांबलं की आम्हाला मान वर न करताच कळायचं, दारात कुणीतरी आहे.

एका दुपारी ते थांबलं ते सुरू होईना. मी वर पाहिलं. एक खाकीवाला दारातून थेट दौलतभाऊंच्या दिशेनं येत होता. त्यांचा पाय मशीनच्या पायट्यावर तसाच होता, सुईखाली कापड तसंच होतं. शेडमधली बाकीची मशीनंही एकेक करून थांबली.

माणूस जवळ आला, खाली वाकला आणि म्हणाला, "भाऊ, चुना हाये का?"

जंगल खात्याचा गार्ड होता बिचारा. बस सुटायच्या आत तंबाखू मळायची होती. दौलतभाऊंनी खिशातली चुन्याची डबी त्याच्या हातात कोंबली आणि म्हणाले, "ठेव तुले. पण पुन्हा ह्या कपड्यात इकडं येजो नको." तो माणूस डबी घेऊन बावचळून निघून गेला.

*

पुढं दौलतभाऊंचं मी लावलेल्या वजनानंही समाधान होईना. सूचनेत आहे तेवढं वजन मी टांगलं की म्हणायचे, "मास्तर, एवढ्यानं काय होते? पोट्टं घसरलं, लटकलं, तं सगळं आंग पट्ट्यावर येईन." म्हणजे जिवंत माणूस टांगून पाहायचा.

शेडमध्ये वजनानं सगळ्यात भारी माणूस म्हणजे शेठजींचे मुनीमजी. ते आधी नाही म्हणाले, मग परसरामचं नाव निघालं तेव्हा पगडी काढून ठेवली. आम्ही पिट्ठू छताच्या लाकडी बल्लीला बांधला, मुनीमजींचे दोन्ही हात पट्ट्यांत घातले आणि पायाखालचं स्टूल काढलं. मुनीमजींनी डोळे मिटून मारुतीचं नाव घेतलं.

पट्टा तुटला नाही, बल्ली तुटली!

धुरळा खाली बसला तेव्हा मुनीमजी कॅनव्हासच्या ढिगावर पडलेले, डोक्यावर चिमणीचं घरटं. कुणाला हसायचा धीर होईना. तेच पडल्या पडल्या म्हणाले, "मास्तर, मारा आता शिक्का. मी दुसऱ्यांदा लटकत नाही."

*

आणि मग खुद्द फौजेचे साहेब येणार अशी बातमी आली. शेठजींची झोप उडाली आणि त्याला कारण होतं. पट्टा बकलातून निसटू नये म्हणून दौलतभाऊंनी एक नवंच काढलं होतं. पट्ट्याचं मोकळं टोक ते दुमडायचे आणि त्यावर जाड शिलाई मारायचे. पट्टा लांब-आखूड करता यायचा, पण टोक बकलाबाहेर काही केल्या जायचं नाही. फौजेनं पाठवलेल्या नमुन्यात हे नव्हतं. नमुन्यापेक्षा वेगळा म्हणून सगळा माल परत गेला असता.

साहेब पंजाबकडचे, धिप्पाड. टेबलावरचा पिट्ठू उचलून त्यांनी पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि नेमकं त्या टोकाशी थांबवलं. हे काय, म्हणून विचारलं. शेठजींनी माझ्याकडे पाहिलं, मी दौलतभाऊंकडे पाहिलं.

दौलतभाऊ पुढं झाले. "साहब, हमारे बैल के गोण का बंद रस्ते में नहीं खुलता. मुकाम आया तोच खुलता."

साहेबांनी पट्टा हाताला गुंडाळला, टेबलाच्या पायाला बूट लावला आणि ओढला. टेबल सरकलं, टेबलाला धरून उभा असलेला मी सरकलो, टोक जागचं हललं नाही. साहेब मोठ्यानं हसले. सगळीकडच्या पिट्ठूंना असंच टोक लावावं अशी शिफारस मी करीन, म्हणाले. शेठजींनी तिथल्या तिथं पेढे मागवले.

साहेब गाडीत बसताना दौलतभाऊंनी त्यांना हळूच विचारलं, हा माल वर डोंगरात जाईल का? सगळ्यात आधी तिथंच जाईल, असं साहेब म्हणाले. त्या दिवशी दौलतभाऊंनी पेढे मागून घेतले आणि सगळ्यांसोबत हसत बसून खाल्ले. शेड सुरू झाल्यापासून त्यांना असं हसताना आम्ही पहिल्यांदा पाहिलं.

*

पुढल्या वर्षी परसराम सुट्टीवर आला. शेड बंद ठेवून आम्ही सगळे तांड्यावर गेलो, शेठजीही आले. पोरगा बाजेवर बसला होता, वाळलेला, रापलेला, पण धडधाकट. त्याची आई जमनाबाई त्याला चिकटून बसली होती, त्याचा हात सोडत नव्हती. पिट्ठू भिंतीला टेकवला होता. त्याचा एक पट्टा अर्धाच लोंबत होता.

दौलतभाऊंचं लक्ष तिकडे गेलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "तुटला?"

"नाही बा. कापला."

मग त्यानं सांगितलं. डोंगरातला नाला ओलांडताना त्याचा पाय घसरला. पाण्याला भयंकर ओढ, पिट्ठूत पाणी भरलं आणि तो त्याला खाली नेऊ लागला. अशा वेळी पट्टा सैल करून बकलातून सोडायचा आणि ओझं पाण्यात टाकून द्यायचं, हे त्यांना शिकवलेलं असतं. त्यानं पट्टा सैल केला, पण टोक बकलात अडकलं. एका हातानं ओढलं, दोन्ही हातांनी ओढलं. नाकातोंडात पाणी गेलं. शेवटी जोडीदारानं पाण्यात उडी घेतली आणि चाकूनं पट्टा कापला. पिट्ठू वाहत जाऊन खाली दगडांत अडकला, तो नंतर काढला.

"लय जोर लावला बा," परसराम म्हणाला. "पण कोणं शिवला होता कोण जाणे, सुटेच ना."

साहेबांच्या शिफारशीनंतर तसं टोक किती तरी ठिकाणी शिवलं जात होतं. हा पट्टा आमच्या शेडचा की आणखी कुठला, सांगणं कठीण होतं. शेठजींनी तसं बोलूनही दाखवलं. दौलतभाऊंनी पिट्ठू मांडीवर घेतला, बकलात अडकलेला तुकडा उजेडाकडे धरला आणि टोकाच्या शिलाईवरून अंगठा फिरवायला लागले.

जमनाबाई घरात नेहमी तांड्याच्या गोरबोलीतच बोलायची. त्या दिवशी मात्र आम्हा सगळ्यांना कळावं म्हणून वऱ्हाडीत बोलली. "इतकं पक्कं शिवाले तुमाले सांगतलं कोणं होतं?"

दौलतभाऊंनी मान वर केली नाही. अंगठा तसाच शिलाईवर फिरत होता.

"एकबी टाका उसवला नाही," ते म्हणाले.