जास्वंदीवरचा दादा

नवरा कुंभवलीच्या कारखान्यात, आणि आम्ही चिंचणीला, चिकूच्या वाडीतल्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने. गेल्या उन्हाळ्यात माझ्या खिडकीबाहेर, कपडे वाळत घालायच्या तारेला, पिवळ्या पोटाच्या शिंजिरांनी, त्या इवल्याशा मधपिऱ्या पाखरांनी, घरटं टांगलं. आत पिल्लं होती.

अंगणात फुललेली एकच जास्वंद. तिच्यावर ठाण मांडून बसलेला दुसऱ्या जातीचा शिंजीर, काळानिळा, चमचमणारा. तशीच वाकडी चोच, म्हणजे नात्यातलाच की! पण पिल्लांची आई, ती पिवळी, मधाला आली रे आली, की हा अंगावर धावून जायचा. झाडभर फुलं, आणि बोटभर पाखराला ती सगळी हवीत! माझा नुसता तिळपापड व्हायचा. पिवळी किडे वेचून पिल्लांना भरवत होती, पण तिने स्वतः काय खायचं? मी टाळ्या वाजवल्या, मगाने पाणी फेकलं. तो चिकूवर जाऊन बसायचा आणि माझी पाठ वळली की परत हजर.

शेवटी मी घरमालकीण काकूंकडे तक्रार नेली. "झाड तुमचं आणि दादागिरी त्याची!"

"मी बगते काय ते," काकू म्हणाल्या.

त्यांनी काय बघावं? त्यांच्याकडे गणपतीसाठी कळ्या आदल्या संध्याकाळीच खुडून ओल्या फडक्यात ठेवायची पद्धत. एरवी थोड्याच घ्यायच्या. त्या दिवशी झाड पार ओरबाडलं.

सकाळी एक फूल नाही. पिवळी झाडाभोवती घिरट्या घालून रिकामीच तारेवर येऊन बसली.

"आता फुलंच नाय, तर बांडतील कशाला?" काकू देवघरातून, पूजा मांडता मांडता, खुशीत म्हणाल्या.

मी तशीच त्यांच्या देवघरात शिरले. परडीत सगळी फुलं टरारून उमलली होती. परडी उचलली आणि माझ्या खिडकीत आणून ठेवली.

"अगो, देवाची हायत ती!" काकू पूजेतून घंटा घेऊनच धावल्या.

"देवाला काही पिल्लं पोसायची नाहीत, काकू. तिला पोसायची आहेत."

आणि परडीवर पहिला कोण यावा? तोच मेला काळा!

मी काही करायच्या आत काकूंनी त्याच्या अंगावर खणखण घंटा वाजवली. तो पळाला. पिवळी परडीत उतरली, तरी काकू घंटा वर धरूनच उभ्या होत्या.