चिंचेनं न जाणारी खूण

त्रिविक्रमराव सैन्यात गेले तेव्हा त्यांच्या हातात बंदूक कुणी दिली नाही. त्यांना दिलं एक लाकडी स्टूल, एक जाड वही आणि पत्र्याची एक लांबच लांब शेड. शेडमध्ये स्टोव्ह होते. छावणीत, तंबूत, खंदकात चहा आणि डाळ शिजवायचे पितळी स्टोव्ह. आघाडीवरून बिघडलेले परत येत, त्रिविक्रमराव ते वेगळे लावत, भाग जुळवत आणि पुन्हा पाठवत. चार वर्षं त्यांनी हेच केलं. कुंभकोणमला परत आले तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटून गेली होती. कुणी विचारलं तर सांगत, "चुकीचं टोपण." जास्त काही सांगत नसत.

लोकांना वाटतं स्टोव्ह म्हणजे स्टोव्ह. त्रिविक्रमरावांना तसं वाटणं शक्यच नव्हतं. लढाईच्या घाईत एकच नमुना दोन कारखान्यांत बनला, आणि प्रत्येक कारखान्यानं आपापल्या यंत्रांच्या सोयीनं त्यात थोडा फरक केला. एकाचे पाय रिवेटनं ठोकलेले, दुसऱ्याचे डाख लावून जोडलेले. एकाचा पंप टाकीत सरळ उतरतो, दुसऱ्याचा किंचित तिरका. बुडाशी ठोकलेलं साल, सालाच्या शेजारी बाणाची खूण, बाणाखाली कारखान्याचं अक्षर. त्यातच काही स्टोव्ह रॉकेलवर चालणारे आणि काही पेट्रोलवर चालणारे. बाहेरून जुळी भावंडं. रॉकेलच्या स्टोव्हच्या टोपणावर हवा सोडायची छोटी चावी असते. ती फिरवली की दाब उतरतो आणि ज्योत विझते. पेट्रोलच्या टोपणावर चावी नसते, तिथे स्प्रिंगची झडप असते. तो विझवायची सोय बर्नरजवळ असते. ज्याला हे माहीत नाही तो तापलेल्या टाकीचं टोपणच उघडायला जातो, आणि मग काय होतं ते त्या दोन बोटांवरून कळत होतं.

सैन्यानं यावर साधा उपाय केला होता: रंग. एका कारखान्याच्या टाकीला आणि टोपणाला हिरवा पट्टा, दुसऱ्याला पांढरा, पेट्रोलला लाल. अंगठाबहाद्दर स्वयंपाक्यालाही कळेल असा.

परत आल्यावर मठानं त्यांना प्रायश्चित्त सांगितलं. आमचा मठ लहान. शहाजीराजांच्या काळी इकडे उतरलेल्या आम्हा मराठी घरांचा, विठ्ठलाच्या भजनाचा. मठाचे कारभारी मुकुंदराव म्हणाले, की तुम्ही सैन्याच्या लंगरात जेवलात, मुंडण करा, पंचगव्य घ्या, मग पंक्तीत बसा. त्रिविक्रमरावांनी नकार दिला. तेव्हापासून सहा वर्षं ते दर एकादशीला भजनाला येत, पण बसत बाहेर तिण्णैवर. तिण्णै म्हणजे आमच्या घरांच्या दर्शनी भिंतीला लागून असलेला दगडी ओटा. तिथूनच ते झांज वाजवत, आणि आतल्यांपेक्षा जोरात वाजवत. पोटासाठी पात्रकारांच्या गल्लीत महालिंगच्या भांड्यांच्या कारखान्यात एक कोपरा घेऊन ते स्टोव्ह दुरुस्त करत.

बावन्न सालच्या वादळानं कावेरीकाठच्या झोपड्या उडवल्या. मठानं दोन वेळा जेवण घालायचं ठरवलं. पण लाकूड पार भिजलेलं. मुकुंदरावांना आठवलं, की दसऱ्याच्या आधी तिरुचीत लष्कराचा उरलेला माल विकायला निघाला होता, त्यातले अठरा स्टोव्ह आपण घेऊन ठेवले आहेत. गोणी माळ्यावरून खाली आली.

आता लष्कराचा स्टोव्ह मठाच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात जायचा म्हणजे साधी गोष्ट नव्हती. त्याच्यावर काय काय शिजलं असेल, देव जाणे. मुख्य स्वयंपाकीण वेंकटलक्ष्मीअक्का यांनी पदर खोचला. सगळे स्टोव्ह सुटे केले. सोडा आणि चुन्याच्या उकळत्या पाण्यात तासभर ठेवले. मग चिंच आणि राखेनं घासले, पुन्हा विटकरीच्या भुकटीनं घासले, शेवटी कावेरीच्या पाण्यानं तीनदा धुतले. अठरा टाक्या सोन्यासारख्या झगमगू लागल्या. अठरा टोपणं एका परातीत. हिरवा, पांढरा, लाल, कुठलाच रंग कशावर उरला नाही.

एका स्टोव्हचा पाय निखळला होता, तो सांधायला महालिंगकडे गेला. महालिंगनं तो सांधून त्रिविक्रमरावांपुढे ठेवला. आम्हा मराठी माणसांना इकडचे लोक रायर म्हणतात.

"रायरे, तुमच्या मठातून आलाय. नवा केल्यासारखा दिसतोय बघा."

त्रिविक्रमरावांनी स्टोव्ह उलटा केला, बुडाचं अक्षर पाहिलं. मग टोपण फिरवलं. साडेचार फेरे बसायला हवं होतं ते टोपण दीड फेऱ्यात अडकलं. अडकलं ते मात्र अगदी घट्ट. हाच त्यातला धोका. एका कारखान्याचे आटे इंचात चोवीस, दुसऱ्याचे सव्वीस. एवढासा फरक. पहिला दीड फेरा दोन्ही एकमेकांना सांभाळून घेतात, मग रुततात, आणि हाताला वाटतं की झाकण पक्कं बसलं. टाकी तापली, दाब वाढला की ते दीड आटे सुटतात आणि उकळतं रॉकेल ज्योतीवर येतं.

त्यांनी कानस खिशात घातली, स्टोव्ह काखेत मारला आणि चप्पल न घालताच मठाकडे निघाले.

मठात पहिल्या पातेल्यात तांदूळ धुवून तयार होता. सतरा स्टोव्ह ओळीनं मांडलेले. एक बाई हाताला येईल ते टोपण परातीतून उचलून हाताला येईल त्या टाकीवर बसवत होती. त्रिविक्रमराव तिण्णैवर उभे राहिले आणि पेटवू नका म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही. मग त्यांनी विचारलं, की यांचा रंग कुठे गेला.

अक्का अभिमानानं परात घेऊन दारापर्यंत आल्या. त्यांना वाटलं कौतुक होतंय. "घासून तीनदा धुतलंय. वास घेऊन बघ, मांसाचा कणभर वास येतो का."

त्रिविक्रमरावांनी वास घेतला नाही. हात पुढे करून परातच ओढून घेतली आणि तिण्णैवर मांडी घालून परात मांडीत ठेवली.

आत एकच कल्लोळ झाला. सकाळपासूनचं सोवळं गेलं. मुकुंदराव ओलेत्यानंच बाहेर आले. ते मनानं वाईट नव्हते, पण आवाज चढवल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे. दोनशे माणसं उपाशी आहेत आणि याला पराक्रम सुचतोय, असं बरंच काही ते बोलले. मग आत जाऊन टोपण लावलेला एक स्टोव्ह घेऊन आले, दोन्ही हातांनी टोपण पिळून दाखवलं. हलत नव्हतं.

"यापेक्षा घट्ट काय पाहिजे तुला?"

त्रिविक्रमरावांनी एक बादली पाणी मागितलं. ते कुणी देईना, तेव्हा रस्त्याच्या नळावरून आपणच आणलं. मुकुंदरावांनी जो स्टोव्ह खाली ठेवला होता तो उचलला, दीड फेऱ्यातच निघालेलं टोपण बाजूला ठेवलं, टाकीत रॉकेलऐवजी पाणी भरलं आणि तेच टोपण मुकुंदरावांकडूनच पुन्हा पिळून घेतलं. बर्नरमध्ये रॉकेल फवारणाऱ्या निपलचं भोक मेणानं बुजवलं. मग पंप मारायला लागले. वीस. तीस. मुकुंदराव हसून म्हणाले, की हा आता कावेरी ओढून आणणार. एकेचाळिसाव्या दाबाला फटाका फुटावा तसा आवाज झाला. टोपण वर गेलं, तिण्णैवरच्या छपराचं एक कौल फोडून खाली आलं आणि मुकुंदरावांच्या पायाशी गरगर फिरत राहिलं. पाण्याची धार थेट त्यांच्या तोंडावर.

कौलाचे तुकडे अजून घरंगळत होते.

"ते पाणी होतं," त्रिविक्रमराव म्हणाले.

मुकुंदरावांनी तोंड पुसलं. आवाज खाली आला होता. त्यांनी मधला मार्ग काढला, आणि तो त्यांना अगदी रास्त वाटला. बाकीचे स्टोव्ह आत स्वयंपाकघरात आहेत, जुळवायचे तर सगळ्यांना हात लावावा लागणार. न्हावी शेजारीच राहतो. अर्ध्या तासात मुंडण, पंचगव्य, स्नान. मग त्रिविक्रमनं खुशाल आत यावं, जुळवावं आणि पहिल्या पंक्तीला बसावं. सहा वर्षांचं भांडणही मिटेल.

"कशाचं प्रायश्चित्त, ते आधी सांगा अण्णा."

"लंगरात जेवलास."

"जेवलो. भूक लागली होती. आज ज्यांच्यासाठी चूल पेटवताय त्यांनाही तीच लागलीय. त्यांनाही मुंडण सांगणार?"

"ते वेगळं."

"माझ्या हाताखालून चाळीस हजार स्टोव्ह गेले. एकही माझ्या हातानं चुकीचा गेला नाही. माझी बोटं जळाली ती दुसऱ्यानं लावलेल्या टोपणानं. मला क्षमा मागण्यासारखं काही आठवत नाही."

"म्हणजे तू आत येणार नाहीस."

"नाही. स्टोव्ह बाहेर आणा."

मुकुंदरावांनी अक्कांकडे पाहिलं. नाही म्हणायचा खरा अधिकार अक्कांचा होता, कारण सोवळं त्यांचं. अक्का फुटलेल्या कौलाकडे बघत होत्या. त्यांनी सगळा हिशोब मनात केला असावा: सतरा चुली, भोवती सात बायका, सगळ्यांचे पदर. त्या आत गेल्या आणि दोन्ही हातांत एकेक स्टोव्ह घेऊन बाहेर आल्या. ते तिण्णैवर ठेवले. पुन्हा आत गेल्या.

मग काम सुरू झालं आणि ते बघण्यासारखं होतं. टाकी उलटी करून बुडाच्या अक्षरावर अंगठा फिरवायचा, डोळे बहुतेक वेळ रस्त्याकडेच. टोपण टाकीवर ठेवून आधी उलटं फिरवायचं. आट्याला आटा भेटला की टक असा बारीक आवाज येतो, तो ऐकायचा. मग सुलटं, आणि फेरे मोजायचे. साडेचार झाले तर जोडी जमली. नाही तर परातीत परत. पाऊण तासात नऊ एका कारखान्याचे आणि पाच दुसऱ्याचे जुळले. चार उरले. ते पेट्रोलचे. त्यांच्या टोपणांचे आटे पहिल्या नऊ जणांसारखेच होते, त्यामुळे रॉकेलचं टोपण पेट्रोलच्या टाकीवर बेमालूम बसे, फेरेही साडेचारच भरत. त्रिविक्रमरावांनी महालिंगकडून हातोडी मागवली आणि त्या चारही टाक्यांची तोंडं एकेक घाव घालून चेपून टाकली. मठाचा माल आहे, असं मुकुंदराव म्हणेपर्यंत चौथा घाव बसला होता.

मग त्यांनी खिशातून कानस काढली. नऊ टाक्यांच्या काठावर एकेक खाच पाडली, त्यांच्या नऊ टोपणांवर एकेक. उरलेल्या पाचांवर दोन दोन. पितळाचा पिवळा कीस त्यांच्या धोतरावर पडत होता.

अक्का समोर उभ्या होत्या. म्हणाल्या, "हे मला पुन्हा घासून घ्यावे लागणार. तुझा हात लागलाय."

"घासा ना, अक्का. सोड्यात उकळा, चिंच लावा, राख लावा, विटकर लावा. रंग गेला तसा माझा हातही जाईल. खाच जाणार नाही."

अक्का खरंच चिंच घेऊन आल्या. तिण्णैच्या पायरीवर बसून त्यांनी चौदाही स्टोव्ह भराभर घासले, धुतले. मग एक टाकी उचलून काठावरून अंगठा फिरवला, परातीतलं एक टोपण उचलून त्यावरून फिरवला. एक आणि एक. टोपण लावताना त्यांचे ओठ हलत होते. साडेचारला थांबल्या आणि वर पाहिलं. त्रिविक्रमरावांनी मान हलवली.

स्टोव्ह आत न्यायला मात्र त्यांनी दिले नाहीत. पहिला दिवस आहे, एकेक निपल कसा आहे मला माहीत नाही, माझ्या नजरेसमोर पेटवा, म्हणाले. ते आत जाणार नव्हते, म्हणून चौदा स्टोव्ह तिण्णैवर आणि पुढच्या फरसबंदीवर पेटले. दुपारी दोनच्या सुमाराला ते सगळे एकदम घोंघावू लागले तेव्हा रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. भात, रसम, भोपळ्याची भाजी. मठाचा स्वयंपाक पहिल्यांदाच रस्त्यावर झाला, आणि त्याच्या मध्यभागी आम्ही सहा वर्षं बाहेर बसवलेला माणूस पिन हातात घेऊन या स्टोव्हकडून त्या स्टोव्हकडे जात होता.

जेवणं उरकल्यावर मुकुंदराव एक स्टोव्ह उचलून उजेडात धरून बघत राहिले. भांडी अजून गरम होती.

"गोविंदपुरमहून उत्सवाला माणसं येतात," ते म्हणाले. "पापनाशमची येतात. ही खाच कसली, कुणी पाडली, म्हणून विचारतील. प्रत्येक स्टोव्हवर दिसणार ही."

त्रिविक्रमराव कानशीत अडकलेला पितळेचा कीस नखानं काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"दिसू देत," ते म्हणाले.