दुसऱ्या सीझनचं मराठी

माझे सासरे एस.टी.त कंट्रोलर होते. स्टँडवरच्या केबिनमध्ये बसून त्यांनी उभी नोकरी माइकवर काढली. टेंभुर्णीमार्गे करमाळ्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे, हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं असेल देव जाणे. रिटायर झाले, पण आवाज तसाच राहिला. घरात पाणी मागितलं तरी चार फलाटांना ऐकू जायचं.

त्यांना आम्ही अप्पा म्हणतो आणि सासूबाईंना अव्वा. लग्न होऊन मला बावीस वर्षं झाली. मी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. एवढ्या वर्षांत अप्पांचं माझं बोलणं दोन-तीन विषयांपुरतंच होतं. नळ आला का, लाइट गेली का, शाळा किती वाजता सुटली. त्यात भांडण नव्हतं. सासरा आणि सून आणखी काय बोलणार, अशीच दोघांची समजूत होती.

मग माझी मुलगी पुण्याहून दिवाळीच्या सुट्टीला आली आणि टीव्हीवर तिनं एक इंग्रजी मालिका लावली. हिंदीत डब केलेली. एका तळ्याकाठच्या गावातली सतरा वर्षांची मुलगी, आणि तिच्या वर्गात नव्यानं आलेला एक मुलगा. हा मुलगा दोनशे वर्षं पुढच्या काळातून आलेला असतो. गावाबाहेर जुनी वेधशाळा असते, तिच्या तळघरातल्या दारातून तो येतो-जातो. अडचण एवढीच की माघारी गेला, की त्याची थोडी थोडी आठवण पुसली जाते.

अप्पा शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होते. दुसऱ्या भागाला पेपर छातीवर आला. तिसऱ्या भागाला मांडीवर. चौथ्याला मुलीनं टीव्ही बंद केला, तर अप्पा म्हणाले, "का गं? गाडी का थांबवली?"

पहिला सीझन त्यांनी आठवड्यात संपवला. काळातला प्रवास त्यांना समजावून सांगायला मी फळ्यावर काढतात तशी आकृती काढली. अप्पांनी ती बाजूला सारली. "त्यात काय आवघड हाय? गाडी उद्याची, पण फलाटावर आजच लागली. प्रवाशाचा घोळ व्हणारच की." मी दहावीला इतकं सोपं कधी सांगू शकले नव्हते.

शेवटच्या भागात तो मुलगा तिचा जीव वाचवायला आपल्या काळात परत गेला, तिला आता आपण पूर्ण विसरणार हे माहीत असूनही. अप्पा उठून गच्चीवर गेले. दुपारचं ऊन असूनही बराच वेळ खाली आले नाहीत.

पुढचा सीझन यायला वर्षाच्या वर लागलं. तेवढ्या काळात अप्पांनी ही गोष्ट बागेतल्या मित्रांना सांगून टाकली. रोज सकाळी बागेत अप्पांशिवाय पाच जण जमतात, सगळे रिटायर. त्यात एक पूर्वी यंत्रमाग चालवणारे तेलुगू आजोबा आहेत, लई चौकस. पाचांच्या पाचांना त्या पोराची काळजी लागली होती. मुलीचा फोन आला की अप्पा आधी विचारायचे, "तो आला का?" माझ्या नवऱ्याला बरेच दिवस वाटत होतं की प्लंबरबद्दल चाललंय.

अखेर तो आला. दर शुक्रवारी एक भाग. पण दुसऱ्या सीझनला हिंदी नव्हतं. "हिंदी लवकरच" एवढंच लिहिलं होतं. खाली इंग्रजी अक्षरं भराभर पळत होती. अप्पांनी चष्मा पुसून प्रयत्न केला. आयुष्यभर पाट्या वाचलेला माणूस, पण त्या पाट्या एका जागी उभ्या असायच्या.

"मॅडम," ते म्हणाले. मला ते अडचणीच्या वेळीच मॅडम म्हणतात. "शनिवारी तुमची अर्धी शाळा. दुपारी बसा हितं. ते बोलतील ते तुमी मराठीत सांगायचं."

मला काय माहीत, मी कशाला हो म्हणतेय.

पहिला भाग सुरळीत गेला. मुलगा परत आला, शाळेच्या गेटवर तिला बघून म्हणाला, "आपली ओळख आहे का?" मी सांगितलं. अप्पा खुर्चीतून अर्धे उठले. "आसं कसं इसरला? आरं, गेल्या खेपेला तळ्याकाठी काय बोलला हुतास?" अव्वा कोपऱ्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांना हिंदी-इंग्रजीचं काही घेणं नव्हतं. त्या नुसते चेहरे बघायच्या.

दुसऱ्या भागात ती मुलगी तळ्याकाठी एकटीच बोलते. तुला मी आठवले नाही तरी चालेल, मी तुझ्यावर प्रेम करतच राहीन, असं काहीतरी. वाक्य माझ्या ओठापर्यंत आलं आणि अडकलं. आमच्या घरात प्रेम हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारलेला मला आठवत नाही. माझ्या नवऱ्यानंसुद्धा नाही. आणि आता तो मी अप्पांच्या तोंडाकडं बघून म्हणायचा?

"काय म्हणती?" अप्पांनी विचारलं.

"परीक्षा जवळ आलीय म्हणते. अभ्यास व्हायचाय."

अप्पांना मुलगी एकदम आवडली. "पोरगी शानी हाय."

एकदा खोटं खपलं की हात सैल होतो, हे मला माझ्या विद्यार्थ्यांवरून माहीत असायला हवं होतं. तिसऱ्या भागात तो तिचा हात धरतो तेव्हा मी सांगितलं, "घरच्यांना भेटायला येऊ का, असं विचारतोय." झालं. दुसऱ्या दिवशी बागेत बैठक बसली. मुलगा दोनशे वर्षांनंतरचा, म्हणजे त्याचे आईबाप अजून जन्मले नाहीत, मग बोलणी करायची कुणाशी? त्यात तेलुगू आजोबांनी शंका काढली की तो त्याच गावचा असेल तर तिच्याच वंशातला, तिचाच खापरपणतू निघायचा. अप्पा घाम पुसत घरी आले.

"मॅडम, विज्ञान काय म्हणतंय यावर?"

काल सांगायचं राहिलं म्हणून मी लगेच एक वाक्य पदरचं घातलं: "मुलगा परगावचा आहे म्हणे." बागेत सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आणि मग तो चौथा भाग आला. वेधशाळेत दोघंच असतात. तो तिच्या अगदी जवळ जातो, कपाळाला कपाळ लावतो आणि हळू आवाजात बोलू लागतो. बोलता बोलता त्याच्या डोळ्यांत पाणी. मी खालची अक्षरं वाचत होते आणि माझे कान गरम झाले होते.

"काय म्हणतोय?"

"तब्येतीला जप म्हणतोय."

अव्वा शेंगा फोडायच्या थांबल्या. "येन हेळतान?" त्यांनी अप्पांना कानडीत विचारलं, काय म्हणतोय तो? अप्पांनी सांगितलं. अव्वा पडद्याकडं बघत राहिल्या. "तब्येतीला जप म्हणायला कपाळाला कपाळ लावावं लागतंय व्हय?"

"थंडी लई असती तिकडं," अप्पा म्हणाले.

मी हसू दाबलं. पण तो मुलगा तब्येतीचं काहीच बोलला नव्हता. तो म्हणाला होता की त्याला सगळं आठवतंय. तो विसरलाच नव्हता. त्याच्या मागावर माणसं होती, ती तिच्यापर्यंत पोचू नयेत म्हणून तो ओळख दाखवत नव्हता. अख्ख्या सीझनचा कणा त्या एका कुजबुजीत होता आणि मी तो लाजेपायी गिळून टाकला होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पुढचे तीन शनिवार माझी गोष्ट लंगडत चालली. तो लपून तिच्या मदतीला यायचा, अप्पा विचारायचे, "वळकत न्हाई तर मदत का करतोय?" मी म्हणायचे, "शेजारधर्म." तो तिला दुरून बघत रडायचा. मी म्हणायचे, "डोळे आलेत." आणि अप्पा त्या पोरावर दिवसेंदिवस खवळत गेले. कृतघ्न, नालायक, जीव लावणाऱ्या पोरीला विसरलेला. बागेत जाऊन त्यांनी त्याला एवढ्या शिव्या घातल्या की एका बाकावरची माणसं उठून दुसऱ्या बाकावर गेली.

आठव्या आठवड्यात, मंगळवारी, अप्पा बागेतून नेहमीपेक्षा लवकर परत आले. मी डबा भरत होते. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आवाज इतका हळू की मी घाबरले.

"हिंदी आलंय," ते म्हणाले. "आमच्या त्या यंत्रमागवाल्याला त्याच्या नातीनं मोबाइलवर लावून दिलं. समदे भाग बघून आला. त्या पोराला समदं आठवतंय म्हणं."

मी डब्याचं झाकण लावत राहिले. ते आधीच लागलं होतं.

"मॅडम, तुमी गाडीला आकलूजचा बोर्ड लावला आन् करमाळ्याला नेली."

"अप्पा, मला ते बोलवेना तुमच्यासमोर."

"मी तीन आठवडे त्या पोराला न्हाई न्हाई ते बोललो," अप्पा म्हणाले. त्यांना स्वतःच्या फजितीचं एवढं वाटत नव्हतं, त्या पोराचं वाटत होतं. "चारचौघात बोललो. आन् तो बिचारा तिच्यासाठीच गप हुता."

पुढचे तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पाणी आलं तेही अव्वांना सांगितलं, अव्वांनी मला. शनिवारी मी शाळेतून आले तर टीव्ही लावलेला, चौथा भाग काढून ठेवलेला. मी म्हटलं, आता हिंदी आहे, हिंदीत बघा की.

"हिंदी नको. जे तुमी गाळलं ते तुमीच सांगायचं. शब्दाला शब्द."

अव्वांनी शेंगांची पाटी बाजूला ठेवली, पदर सारखा केला आणि पुढं सरकून बसल्या. मी घसा साफ केला. वर्गात मी चाळीस पोरांसमोर प्रजनन संस्थेचा धडा न अडखळता शिकवते. इथं समोर दोन म्हातारी माणसं होती आणि मी नजर ठेवायला भिंतीवर जागा शोधत होते.

तो तिच्या जवळ गेला. कपाळाला कपाळ लावलं.

"मला सगळं आठवतंय," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. तुझ्याकडं बघितलं असतं तर सांगून टाकलं असतं, म्हणून बघत नव्हतो." मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बोलत होते. "माझं तुझ्यावर प्रेम आहे. काल होतं, आज आहे, आणि मी जिथनं आलोय तिथं दोनशे वर्षांनीसुद्धा आहे."

पडद्यावर ती मुलगी रडत होती. अव्वांनी नाक ओढलं.

"हां," त्या म्हणाल्या. "आता तोंड आन् बोलणं जुळलं."

अप्पांनी रिमोट उचलला. मला वाटलं पुढं नेतायत. त्यांनी मागं घेतलं. "परत सांगा."

मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा कॅलेंडरची गरज लागली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवारी अप्पा मला बागेत घेऊन गेले. फलाट बदलला की प्रवाशांना सांगावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. पाचही आजोबा बाकावर रांगेत बसले होते, मी समोर उभी. अप्पांनी खाकरून आपल्या जुन्या आवाजात सुरुवात केली की, सदर मुलाबद्दल आपण काढलेले उद्गार मागं घेत आहोत, चूक मुलाची नव्हती, भाषांतराची होती. शेजारून चालणारी दोन माणसं थांबली. मग अप्पा बाजूला झाले आणि मी दुसऱ्या भागापासून सगळं खरं खरं सांगितलं. परीक्षा, शेजारधर्म, आलेले डोळे, सगळ्याची कबुली दिली. डोळ्यांच्या साथीवर तेलुगू आजोबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. म्हणाले, "तुमचंच बरं हुतं मॅडम, आमच्या हिंदीत एवढी मजा न्हाई."

त्या पाचांत टोकाला बसणारे एक आजोबा आहेत. मालिकेबद्दल ते कधी काही बोलले नव्हते, असं अप्पा म्हणायचे. सगळे चहाला उठले तेव्हा ते बसूनच राहिले.

"बाई, एक इचारू?" ते म्हणाले. "त्यानं आठवत न्हाई आसं नाटक केलं. ते कळल्यावर ती रागावली न्हाई?"

"रागावली ना. पाचव्या भागात सबंध दिवस बोलली नाही त्याच्याशी."

"आन् मग?"

"मग बोलली."

"आदी कोण बोललं?"

मला आठवावं लागलं. "ती. त्याच्या शर्टाची बाही फाटली होती, ती म्हणाली, काढ, शिवून देते."

आजोबांनी आपल्या शर्टाच्या बाहीवरची जुनी शिवण चाचपली. "बराबर हाय. आमची हीबी आशीच आदी बोलायची," म्हणाले, आणि काठी उचलून चहाकडं निघाले.