खंडेनवमीची तार आणि दौंडचा एक फेरा

जुनी गाडी कुठवर दुरुस्त करत राहायची आणि कुठल्या दिवशी तिला निरोप द्यायचा? याचं उत्तर मला ठाऊक नाही. मी बी. ए. झालेय, घरातली पहिली पदवीधर आहे, शिरूरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. पण हा प्रश्न कुठल्याच पेपरात आला नव्हता. तो सोबत घेऊनच मी आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, गेल्या मंगळवारी दौंडला जाऊन आलो. या रस्त्यानं कुणाला जायचं असेल किंवा कुणाच्या जुन्या गाडीचं पॉवर स्टेअरिंग वळणावर रडत असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहिते.

आधी गाडीविषयी. आमच्या आजोबांनी मेंढरं राखली, आप्पांनी स्टेअरिंग धरलं. रांजणगावच्या एका कारखान्यात ते साहेबांची गाडी चालवायचे. ते निवृत्त झाले त्याच वर्षी कंपनीनं ती पांढरी गाडी मोडीत काढली आणि आप्पांनी ती घरी आणली. गेल्या जूनपासून मी ती रोज सकाळी चालवत होते. आमच्या वस्तीवर पहिली एसटी नऊनंतर येते आणि कॉलेजचं प्रॅक्टिकल साडेसातला सुरू होतं. माझी धाकटी बहीण मनीषा आणि वस्तीवरच्या आणखी दोघी, अशा तिघींना मी शिरूरला सोडायचे. त्या दोघींच्या घरी आधीच ठरलं होतं, गाडी असेल तर कॉलेज, नाहीतर पुरे.

दिवाळीनंतर स्टेअरिंग आवाज करू लागलं. वळवलं की रेडकू हंबरावं तसा. सकाळी गाडीखाली तांबडे थेंब दिसायचे. आप्पा रोज स्टेअरिंगच्या तेलाच्या टाकीत तेल भरायचे आणि ते रोज कमी व्हायचं. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, स्टेअरिंगचा सगळा पंप बदला. मग एक दिवस ओढ्याच्या वळणावर, तिघी मागं बसलेल्या असताना, स्टेअरिंग दगडासारखं जड झालं. मी कशीबशी गाडी कडेला घेतली. संध्याकाळी आप्पा म्हणाले, "बास. तात्याला गाडी दाखवून यू." तात्या म्हणजे त्यांचे जुने मित्र, रेल्वेतून निवृत्त झालेले. दौंडात राहतात. त्यांना शेताकडं जायला-यायला गाडी हवी होती.

तर मंगळवारी सात वाजता निघालो. आप्पा चालवत होते, डिकीत तेलाचे दोन डबे होते. न्हावऱ्यापर्यंत रस्ता बरा आहे, सकाळी ऊसवाहतूक अंगावर येते तेवढी सांभाळा. न्हावऱ्याला मिसळ खाल्ली. पन्नास रुपयांत पोटभर मिळते, तर्री मागाल तेवढी. हॉटेलवाल्यानं आमची गाडी वळताना ऐकली.

"आप्पा, गाडीत म्हैस घातलीया का काय?"

"व्हय. दूध न्हाई देत, त्याल पिती निस्तं."

पुढं पारगावला भीमेचा पूल लागतो. सकाळी पाण्यावर धुकं असतं, थोडं थांबाच. आम्हीही थांबलो, पण तेल घालायला. पूल ओलांडला की गुऱ्हाळं सुरू होतात. उकळत्या रसाचा वास गाडीच्या काचा बंद असल्या तरी आत येतो. एका गुऱ्हाळात थांबून गरम काकवी चाखली. तिथल्या बाईंनी विचारलं, कुठं निघालात? मी सांगितलं, गाडी दाखवायला. त्या म्हणाल्या, "चौफुल्याला हुसेनमामा हायेत. हार्वेस्टरच्या, ट्रॉलीच्या तेलाच्या नळ्या त्येच करत्यात. दाखवून तर बगा. आजारी जनावर बाजारात न्यायच्या आधी डॉक्टरला दावत्यात का न्हाई?"

आप्पांना ते पटलं नव्हतं. पण केडगावच्या बाजारातून जाताना गाडी इतकी हंबरली की भाजीवाल्या हसायला लागल्या, आणि चौफुल्याला आप्पांनी स्वतःच ब्रेक मारला.

हुसेनमामांचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड आणि भिंतीवर टांगलेल्या काळ्या नळ्या. मामा साठीचे, चष्म्याला दोरी बांधलेली. त्यांनी इंजिन चालू ठेवून टाकीचं झाकण उघडलं. आत तेलाला फेस आला होता.

"हे बगा. त्याल कमी, म्हून पंप हवा वढतोय. हवा वढतोय म्हून बोंबलतोय. पंप वाईट न्हाई. त्याल कुठनं जातंय ते हुडकायचं."

मग चिंधीनं एकेक नळी पुसत गेले. पंपाकडून तेल जोरात जाणारी जाड नळी कोरडी होती. तेल टाकीत परत आणणारी रबराची नळी मात्र खालून ओली. मामांनी तिच्याखाली बोटं घातली आणि चिमट्यानं काहीतरी ओढून बाहेर काढलं. गंजलेली बारीक तार. तिच्यात झेंडूचा एक वाळका देठ अडकलेला होता.

"ही हिथं कुणी बांधली? इंजान हालतंय तसं करवतीगत कापत गेलीया नळी."

ती तार मी ओळखली. खंडेनवमीला आमच्याकडं औजारं, यंत्रं पुजतात. आप्पा गाडीला बाहेरून हार घालतात. यंदा मी म्हणाले होते, मान इंजिनाला द्यायला हवा, ते काम करतं. आप्पा नारळ आणायला गेले होते. मी बॉनेट उघडलं, हार घातला, आणि तो सुटू नये म्हणून हाताला लागली त्या नळीला तारेनं घट्ट आवळला. दुसऱ्या दिवशी फुलं काढली. तार राहिली.

मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "मीच बांधली आसंल. खंडेनवमीला."

मी तेलाचा डबा आणायला डिकीकडं वळले.

मामांनी नळीचा तेवढा तुकडा कापला, तेल सोसणारी नवी नळी बसवली, दोन क्लिपा आवळल्या. मग पुढची चाकं जॅकवर उचलून मला आत बसवलं. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग सावकाश डावीकडं, उजवीकडं. मग टाकीत तेल, पुन्हा तसंच. मग इंजिन चालू करून. टाकीतले बुडबुडे कमी होत गेले, हंबरणं बारीक होत गेलं आणि थांबलं. नळी, क्लिपा, तेल, मजुरी धरून साडेचारशे रुपये झाले. मामांनी दोन गोष्टी बजावल्या, त्या तुमच्यासाठीही लिहिते: टाकीत दुसरं कुठलंही तेल घालायचं नाही, आणि स्टेअरिंग टोकापर्यंत वळवून तसंच दाबून धरायचं नाही.

"आता कितीक दिस चालंल?" आप्पांनी विचारलं.

"नळीचं मी सांगतो. पंपाच्या सिलांचं, आतल्या रबराचं, न्हाई सांगत. वरीस, दीड वरीस, नाय तर धा वरीस. जुन्या गाडीचं कोन सांगनार?"

वरवंड, पाटस करत दौंडला पोचलो. हा पट्टा मोठ्या रस्त्यानं पटकन संपतो. गाडी वळत होती आणि फक्त इंजिनाचा आवाज येत होता. मला आनंद व्हायला हवा होता. आप्पा मध्येच म्हणाले, "डोळं गेलं बग माझं, तार दिसली न्हाई."

तात्यांचं घर रेल्वे लाइनीजवळ आहे. आम्ही पोचताच चहा, शेव, मग लगेच गाडी. तात्यांनी एका बोटानं स्टेअरिंग फिरवून पाहिलं.

"अरं लोण्यागत फिरतंय की! ही इकतोस? येडा का खुळा?"

आप्पा उघड्या बॉनेटवर हात ठेवून उभे होते. "गाडी चांगलीच हाय तात्या. माझंच ध्यान ऱ्हात न्हाई आता. नळीला तार बांधली आन् मलाच ठावं न्हाई. तीन पोरी बसत्यात तिच्यात. उद्या आनखी काय इसरलो तर? तू घिऊन जा."

म्हणजे गाडी जाणार होती ती पंपामुळं नव्हे. माझ्या गप्प बसण्यामुळं जाणार होती. आणि गाडीबरोबर एका चांगल्या ड्रायव्हरचा स्वतःवरचा भरवसाही.

"तार मी बांधली होती," मी म्हणाले. "आप्पा, तुम्ही नारळ आणायला गेला होता तेव्हा. मामांनी काढली तेव्हाच मला कळलं होतं."

तात्या हसले. "बी. ए.ला हे शिकवत न्हाईत व्हय गं?"

आप्पा हसले नाहीत. त्यांनी बॉनेट हळूच खाली घेतलं आणि म्हणाले, "तात्या, दोन दिस दे. बेस्तरवारी सांगतो."

परतीला पाटस गेलं, वरवंड गेलं. चौफुल्याला हुसेनमामांनी दुकानातून हात केला, आप्पांनीही केला. केडगावच्या पुढं त्यांनी विचारलं, "तारंचं काय न्हाई. म्याबी लई कायकाय बांधलंय गाड्यांना. पर मामांम्होरं मी माझं नाव घेतलं, तवा गप का बसलीस?"

"लाज वाटली."

"कुनाची?"

मी काच खाली केली. मग आप्पा म्हणाले, "क्लासातल्या पोरींना काय सांगतीस तू?"

"चुकलं तर चुकलं म्हणा."

"हां."

सकाळच्याच गुऱ्हाळाजवळ त्यांनी गाडी थांबवली. दोन किलो गूळ घेतला. बाईंनी विचारलं, दाखवलं का डॉक्टरला? आप्पा म्हणाले, "दावलं. जनावर बरं हाय." मग माझ्याकडं किल्ली टाकली. "तू चालव. आन् इकायची का ठिवायची, तूच ठरव. तात्याला फोनबी तूच कर. मी मदी पडनार न्हाई."

पारगावच्या पुलावरून मी गाडी आणली. ऊन उतरत होतं, पाणी आता स्वच्छ दिसत होतं. आप्पा शेजारी बसून इंजिन ऐकत होते. न्हावऱ्याच्या वळणावर मी नकळत स्टेअरिंग घट्ट धरलं, तर म्हणाले, "सैल धर. वळतंय आता." एवढंच. पण त्यांचा आवाज पुन्हा माझ्या शिकाऊ दिवसांतला होता.

घरी आल्यावर गाडीखाली पुठ्ठा पसरला. बुधवारी सकाळी कोरडा. जुनी वस्तू कुठवर टिकवायची, ते मला अजूनही माहीत नाही, मामांनाही नाही. पंपाची सिलं कदाचित पुढच्या पावसाळ्यात जातील. तेव्हा पुन्हा चौफुल्याला जावं लागेल, किंवा दौंडला.

गुरुवारी सकाळी सहा वाजता तात्यांना फोन केला आणि गाडी ठेवतोय म्हणून सांगितलं. पुठ्ठा ओढून पाहिला, कोरडा होता. पावणेसातला तिघींना घेऊन शिरूरला निघाले, आणि ओढ्याच्या वळणावर त्यांना तारेची गोष्ट सांगितली, माझ्या नावासकट.