चिंचेच्या पाण्यातला मोती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही एवढा विषय सोडूनच बोलले. आता तुम्हाला सांगतेय, तर एक करा — मधेच ‘असू दे, होतं असं’ म्हणू नका. असं होत नाही. असं केलं जातं.

मुरुडला माझं चांदीचं दुकान आहे. दुकान कसलं — पुढे काचेचं कपाट, मागे ऐरण आणि शेगडी. अंगठ्या, झुमके, पदकं मी हातानं घडवते, त्यांत खडे बसवते. बाबांकडून शिकले. फिरायला आलेल्या लोकांना नुसता दागिना नको असतो, खड्याची गोष्टही हवी असते. मग मी सांगते. पिरोजाचा रंग बदलला की समजावं, त्यानं आपल्यावरचं संकट स्वतःवर घेतलं. नीलम आधी तीन रात्री उशाखाली ठेवून बघायचा, वाईट स्वप्नं पडली तर परत करायचा. मोती म्हणजे चंद्र, मन शांत ठेवतो. माझा यातल्या एका अक्षरावर तरी विश्वास आहे का? नाही, कधीच नव्हता. पिरोजा तेलासाबणानं हिरवट पडतो हे मला पक्कं ठाऊक आहे. पण सांगायला काय जातं?

काय जातं ते ऐका.

कोळीवाड्यात जनाबाई म्हणून आहेत. घरची होडी, वाड्यात शब्दाला वजन. आठ वर्षांपूर्वी त्या एक मोत्याची अंगठी घेऊन आल्या. त्यांच्या सासूनं त्यांच्या बोटात घातलेली. आता त्यांना ती नव्या सुनेला द्यायची होती. सून रेश्मा, पालीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, बोटं बारीक. अंगठी सैल होत होती, ती लहान करायची. एवढंच काम.

अंगठी लहान करायची म्हणजे कापायची, तुकडा काढायचा आणि टोकं झाळ देऊन जोडायची. आगीनं चांदी काळवंडते, म्हणून मग ती चिंचेच्या उकळत्या पाण्यात टाकायची. पण त्याआधी, सगळ्याच्या आधी, मोती काढून ठेवायचा. आंबट त्याला खातं. बाबांनी हे मला दहाव्या वर्षी शिकवलं होतं! पण जुनं कोंदण उघडायला अर्धा तास गेला असता, आणि बाहेर पुण्याची मंडळी खोळंबली होती. मी मोत्याला ओली चिंधी गुंडाळली, झाळ दिली, चिंधी सोडली आणि हाताच्या सवयीनं अंगठी मोत्यासकट चिंचेच्या पाण्यात टाकली. आणि बाहेर जाऊन काय करत बसले? मोत्याचा महिमा सांगत बसले. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आठवण झाली तोवर मोती चुन्याच्या खड्यासारखा झाला होता. तेव्हा तरी सांगायचं! मी काय केलं — खोबरेल तेल चोळलं, मऊ कापडानं घासलं, आणि चमकतोय तोवर डबीत घालून देऊन टाकला.

पंधरा दिवसांत तेल उडालं. जनाबाई अंगठी घेऊन एकट्याच आल्या. त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाल्या, “तू चांदीवाली, तुला ठावं असंल. हातानं मोती मरतो काय गो?”

त्या आरोप करत नव्हत्या, विचारत होत्या. ‘मोती मी मारला’ — तीन शब्द होते. मी म्हणाले, “कुणाकुणाच्या हाताला मोती सोसत नाही.”

त्या वर्षी त्यांच्या होडीचं इंजिन दोनदा बंद पडलं. इंजिनं काय, पडतातच की बंद! पण आता त्यालाही कारण मिळालं होतं. रेश्मानं नव्या जाळ्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. मग मासळीच्या पहिल्या टोपलीलाही नाही. नारळी पौर्णिमेला घरच्या बायका नटूनथटून दर्यावर निघाल्या तेव्हा हिला घरीच ठेवलं. नवरा चांगला, पण आईपुढे तोंड उघडत नाही. आणि मी? कसली ही अंधश्रद्धा, काय जमाना आहे, असं चारचौघींत तावातावानं बोलले. हो, मी! जनाबाईंना नावं ठेवली. भडकायला मला कुणीतरी दुसरं माणूस हवंच होतं ना?

पुढच्या वर्षी रेश्मा स्वतः आली. वाटलं, भांडायला आली असेल. बरं झालं असतं. ती आली होती हात सुधारायला एखादा खडा मागायला. माझ्या शब्दावर तिचाही विश्वास बसला होता. आणि मी — ऐका हो — मी तिला चंद्रकांत मण्याची अंगठी घडवून दिली, सोमवारी दुधात धुऊन घाल म्हणून सांगितलं. त्या क्षणी तरी जीभ का झडली नाही माझी?

गेल्या महिन्यात ती लेकीला घेऊन आली. पोर पाच वर्षांची, गोड, बडबडी. कपाटासमोर उभी राहून तिनं मोत्यांचे इवलेसे डूल पसंत केले. मी ते रेश्मापुढे धरले. तिनं दोन्ही हात पदराआड घेतले.

“ताई, तुम्हीच घाला. माझा हात नको.”

अगदी सहज म्हणाली, मिठाला ओला हात लावू नये म्हणावं तसं. रडणं नाही, तक्रार नाही. पोटच्या पोरीच्या कानाला हात लावत नव्हती ती, आणि शेजारी उभी राहून कौतुकानं बघत होती. पोरीनं मान वाकडी करून कान माझ्यापुढे केला. दोन्ही कानांत मीच घातले.

निघताना ती लेकीला म्हणाली, मावशीच्या पाया पड, मावशीच्या हाताला गुण आहे. पोर वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.